भिंग आणि पाणी

प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. मला ही हकीकत मोठी लोभस वाटते. पण हे मऊ भिंग पाणी पिते. पाण्यात असेल ते डोळ्याशी धरून ठेवते. १९८० नंतर अमेरिकेत कित्येक जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून त्यात लेन्स भिजवीत. त्यातून अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव बुबुळ पोखरू लागला. काहींची दृष्टी गेली. गोळ्या मागे पडल्या. पुढे २००६ साली बाटलीतल्या एका जंतुनाशक द्रवाच्याच वापरातून बुरशीची साथ आली. तो बाजारातून उठला. डबीतल्या शिळ्या द्रवात नवा ओतण्याची सवयही तपासात उघडी पडली. आमच्याकडे अभ्यंगाआधी नातीच्या लेन्स डबीत जातात, ताज्या द्रवात. नळाच्या पाण्याला तिथे मज्जाव!