मूकनायक ते टम्बलर : साक्षीचे मोल

'जात चोरणे' हा शब्दप्रयोग मराठीला नवा नाही. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतील तरुण नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून भाड्याची खोली मिळवतो आणि जात उघड होताच मार खातो. वर्गात आपण बहुधा त्या मारहाणीविषयी बोलतो. त्याआधीच्या दिवसांतला, प्रत्येक साध्या प्रश्नाचे उत्तर तोलून देण्याचा ताण मागे पडतो. दलितांच्या मानसिक स्वास्थ्याचा इतिहास लिहायचा झाल्यास तो या ताणापासून सुरू करावा लागेल. आणि माध्यमांच्या इतिहासापासून तो वेगळा काढता येणार नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणजे मुके असणे हे बोलता न येण्यापेक्षा छापले न जाण्याशी अधिक निगडित होते. नियतकालिकाच्या नावातच हे निदान आहे.

पुढचा टप्पा 'बलुतं'चा. १९७८ साली ग्रंथालीने प्रकाशित केलेल्या या आत्मकथनात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाच्या या दोन फाळ्यांना आपण निवेदनतंत्र म्हणतो. मला ते तंत्रापेक्षा अवस्था अधिक वाटते. लिहिणारा, नोकरी करणारा माणूस आणि महारवाड्यातला दगडू यांना एका देहात नांदता येत नाही, म्हणून त्यांना समोरासमोर बसवावे लागते. (महाराष्ट्रात 'पवार' या आडनावावरून जातीचा निश्चित पत्ता लागत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे.) पुस्तक गाजले. पण आपली लाज चव्हाट्यावर का मांडली, असा रोष समाजाच्या आतूनही व्यक्त झाला. साक्षीची किंमत साक्ष देणाऱ्याने मोजली.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने जीवन संपवले. त्याचे अखेरचे पत्र देशभर वाचले गेले. ते वाचून न्यूयॉर्कमधील पत्रकार याशिका दत्त यांनी वर्षानुवर्षे लपवलेली आपली जात फेसबुकवर जाहीर केली आणि टम्बलरवर 'डॉक्युमेंट्स ऑफ दलित डिस्क्रिमिनेशन' हे पान उघडले. इतरांनी आपले अनुभव तेथे लिहावेत, ही त्यामागची योजना. अजमेरच्या सफाई कामगार समाजात जन्मलेल्या दत्त ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या, तेथेच शंभर वर्षांपूर्वी आंबेडकर शिकत होते. २०१९ साली त्यांचे 'कमिंग आउट अ‍ॅज दलित' हे पुस्तक आले. शीर्षकातील संज्ञा समलिंगी समूहांच्या चळवळीतून घेतलेली आहे. मराठीने जात लपवण्यासाठी शब्द घडवला. लपवलेली जात स्वतःहून सांगण्यासाठी मात्र इतका रुळलेला शब्द आपल्यापाशी नाही.

ही केवळ मुक्तीची कथा मानणे भाबडेपणाचे ठरेल. आपल्यासारखे दुसरे कोणी आहे हे कळल्याने एकटेपणाची धार बोथट होते, हे खरे. दगडूला ऐकायला फक्त दयाच होता. टम्बलरवरच्या निनावी मुलीला अनोळखी शेकडो जण मिळू शकतात. पण त्याच दाराने शिवीही येते. 'बलुतं'वरचा रोष लेखकापर्यंत पत्रातून, सभेतून, काही काळ उलटून पोहोचत असे. आता तो साक्षीच्या खालीच, त्याच मिनिटाला, मध्यरात्रीही उमटतो. त्यातच फेसबुकसारखी माध्यमे खरे नाव-आडनाव मागतात. खोली मागताना बागुलांच्या नायकाला विचारला जाणारा प्रश्न येथे खाते उघडतानाच विचारून झालेला असतो. २०१८ च्या नोव्हेंबरात ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी भारतभेटीत ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा फलक हाती धरल्यावर गदारोळ उठला. कंपनीने माफी मागितली. ती कोणाची, हे पाहण्यासारखे आहे.

आणखी एक फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारा आहे. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक १९९० साली महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने छापले, म्हणून ते आज आपल्या ग्रंथालयात आहेत. २०१६ च्या त्या साक्षी अमेरिकेतील एका कंपनीच्या यंत्रावर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना कोणी संपादक नाही.