चूल, जपमाळ आणि शाळा

वेड पांघरून ज्या पेडगावला जातात, ते भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. आपलं हे परभणीचं पेडगाव वेगळं. तेव्हा इथं वेड न पांघरता बोलायला हरकत नाही.

विषय आहे घरातल्या शाळेचा, आणि तोही वसईच्या कॅथलिक घरातला. तुम्ही म्हणाल, आमचा वसईशी काय संबंध? पण बटाटा, पाव, काजू, घमेलं हे चारही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. म्हणजे तो इतिहास आपल्याही चुलीपाशी येऊन बसलेला आहे.

मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, आणि तिच्याबरोबर बहुतेक युरोपीय पाद्री, त्यांचे मठ आणि विद्यालयंही गेली. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण इथं संपतं. शेती-बागायत करणारी ख्रिस्ती माणसं मात्र तिथंच राहिली. एतद्देशीय पाद्री होते, पण थोडे. मग पुढच्या पिढ्यांना प्रार्थना कुणी शिकवल्या?

दप्तरात याचं उत्तर फारसं मिळत नाही, कारण आजीची आणि आईची हजेरी कोण मांडणार? इथं आम्ही न्यायशास्त्राचा आधार घेतो. डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं अनुमान करतात, आणि दाखला देतात तो स्वयंपाकघराचा. वसईचा समाज टिकला, सण टिकले, सामवेदीसारखी बोली टिकली. हा झाला धूर. अग्नी घरात होता, असं म्हणावंच लागतं.

आता अशा घरातला एक साधा दिवस बघू. सकाळी, दुपारी, संध्याकाळी चर्चची घंटा होते. घरातलं घड्याळ तेच. रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला जपमाळ. दहा-दहा मण्यांचे पाच गट, म्हणजे पोर बोटांवर पन्नास मोजायला शिकलं. कोणत्या वारी येशूच्या आयुष्यातल्या कोणत्या प्रसंगांचं मनन करायचं हे ठरलेलं, म्हणजे वार आणि गोष्ट दोन्ही पाठ झालं. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. आज मटण का नाही, हे पोर आईला विचारतं आणि आईला उत्तर द्यावं लागतं. उन्हाळ्यात पावसाळ्याआधी मिरच्या वाळवून, मसाले भाजून-कांडून बाटली मसाला भरायचा. कशाचं प्रमाण किती, हे कागदावर नसतं. डोळ्याला आणि नाकाला शिकावं लागतं. शिकवणं आणि रांधणं अशी दोन कामं नव्हतीच, एकच होतं.

ही रीत आपल्याला परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानं इंग्रज. 1579 मध्ये ते गोव्यात आले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्या! ओवीच का? कारण ती ऐकून पाठ होते, वाचता येत नसलं तरी. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंना आणि जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं.

पण इथं एक धोका आहे. तो सांगायचा नसता, तर आम्ही एवढं बोललोच नसतो. चुलीपाशी पोर शिकतं, हे खरं. चुलीपाशी पोरगी अडकते, हेही तितकंच खरं. 1848 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती याच दुसऱ्या सत्यासाठी. घरातल्या विद्येचं कौतुक करता करता 'मग हिला शाळा कशाला' असं कुणी म्हणालं, तर तो इतिहासाचा दुरुपयोग आहे.

कॅथलिक चर्चनं काय म्हटलं, ते पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या शिक्षणविषयक घोषणेत आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले आहेत. पण त्याच घोषणेत शाळेचंही महत्त्व ठासून सांगितलं आहे. आपल्याकडे 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्यानं लागू आहे. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा घराघरात शिकवणं सुरू झालं, आणि घर काय देऊ शकतं, काय नाही, हे दोन्ही आपण पाहिलं.

तेव्हा घरी शिकवणं आणि घरी बसवणं यांत फरक करायला शिकलं पाहिजे. आमची कसोटी साधी आहे. चुलीपाशी बसलेल्या पोरीला 'का?' असं विचारता येतं का? तिच्या शेजारी तिचा भाऊही भाकरी थापायला बसतो का? आणि सकाळी दोघंही दप्तर घेऊन बाहेर पडतात का? तिन्हींना 'हो' म्हणता आलं, तर ते घर शाळा आहे. एकालाही 'नाही' आलं, तर आज रात्रीच घरात बोला.

आणि ज्या बाया आम्हाला म्हणतात, 'सर, आम्ही काय शिकवणार, आम्ही अडाणी', त्यांनी वसईच्या त्या आज्यांकडे पाहावं. नाव एकीचंही लिहिलेलं नाही. पण त्यांनी शिकवलेलं आजही घरोघरी चालू आहे.

इथं थांबतो. आता प्रश्न विचारा, आधी बायांनी.