रजेच्या जागेवरचा शिक्षक

कायम शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली किंवा एखादे गुरुजी लांबच्या आजारपणात अडकले, की तेवढ्या मुदतीपुरता वर्ग सांभाळणाऱ्याला शाळेच्या बोलीत ‘लीव्ह व्हेकन्सीवरचा’ म्हणतात. त्याची ओळखच दुसऱ्याच्या रजेवरून ठरते. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांपुरती ही ओळख कायद्यात पक्की झाली ती १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाने. तो प्रत्यक्ष लागू झाला १५ जुलै १९८१ पासून. कायम रिक्त जागेवर नेमणूक असेल तर दोन वर्षांची परिवीक्षा, ती नीट पार पडली की नोकरी पक्की. तात्पुरत्या जागेवर मात्र नेमणूकपत्रातच मुदत लिहिलेली.

व्यवहारात ही रेघ पुसट होती. खरोखर रिकाम्या जागेवरही संस्था वर्षा-वर्षाच्या नेमणुका देत, आणि जागा कायम होती की तात्पुरती, हा वाद शाळा न्यायाधिकरणापर्यंत जाई. अनुदानित शाळेत पगारासाठी शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता लागते. चार-सहा महिन्यांच्या माणसाची फाईल मान्यता होऊन येईपर्यंत मूळ शिक्षक हजर झालेला असण्याचीही शक्यता असे. वर्गातली अडचण निराळी. अभ्यासक्रम अर्ध्यावर हाती येतो, मुलांची नावे पाठ होईतो चाचणी उजाडते, आणि हे सर किती दिवसांचे ते मुलांना आधीच ठाऊक असते.

२००० साली शासनाने शिक्षणसेवक योजना आणली आणि चित्र उलटे झाले. आता जागा कायम, पण तिच्यावरचा माणूस पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधनावर. तात्पुरतेपण आतापर्यंत जागेला चिकटलेले होते, ते माणसाला चिकटले. हे मानधन प्राथमिक, माध्यमिक आणि कनिष्ठ महाविद्यालयाला अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपयांवर बरीच वर्षे थांबले होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले.

महाविद्यालयांत हेच काम ‘तासिका तत्त्वा’वर चालते. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सुट्टीचे दिवस कोरडे.

शिक्षकभरती रखडल्यामुळे जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर, नियमित शिक्षक मिळेपर्यंत, सत्तर वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर घेण्याचे ठरले. ज्या शाळेत नवा शिक्षणसेवक १६,००० वर रुजू होतो, तिथेच पेन्शनधारकाला त्याहून चार हजार जास्त. बेरोजगार डी.एड. उमेदवारांचा संताप मुख्यतः याच आकड्यावर होता.