खाऱ्या हवेत नेटवर्क जॅक कसा निवडावा? नवापूर-बोईसर परिसरासाठी माहिती

पालघर जिल्ह्यातील नवापूर हे अरबी समुद्राच्या काठावरचे गाव आहे. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला बोईसरच्या बाजूला तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायन, औषध आणि कापड कारखाने. त्यामुळे या परिसरातील हवेत मीठ आणि दमटपणा असतो, कारखान्यांजवळ रासायनिक वायूंचीही भर पडते. अशा ठिकाणी इंटरनेट किंवा सीसीटीव्ही मध्येच बंद पडू लागला की संशय राउटरवर किंवा इंटरनेट कंपनीवर घेतला जातो. दोष मात्र काही रुपयांच्या जॅकमध्येही असू शकतो.

मॉड्युलर जॅक म्हणजे काय?

भिंतीवरच्या, राउटरच्या किंवा स्विचच्या ज्या चौकोनी खाचेत केबलचा प्लग ‘टक्’ आवाज करून बसतो, तो मॉड्युलर जॅक. टेलिफोनसाठी अमेरिकेत विकसित झालेली ही रचना १९७० च्या दशकात तिथे प्रमाणित झाली. टेलिफोनचा लहान जॅक आरजे-११ नावाने, तर नेटवर्कचा आठ पिनांचा जॅक आरजे-४५ नावाने ओळखला जातो. टेलिफोनचा प्लग नेटवर्कच्या जॅकमध्ये शिरतो, पण तो तिथे घालू नये. त्याच्या कडेच्या भागाने पहिली आणि आठवी पिन वाकू शकते.

खारी हवा जॅकचे काय करते?

जॅकमधील पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. त्यावर निकेलचा थर आणि संपर्काच्या जागी सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही. पण मुलामा फार पातळ असेल तर त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून ओलावा आणि मीठ खालच्या धातूपर्यंत पोहोचते आणि तिथे तयार झालेला गंज पृष्ठभागावर पसरतो. प्लग वारंवार काढला-घातला, किंवा पंख्याच्या अथवा यंत्राच्या कंपनाने हलत राहिला, तरीही मुलामा झिजतो.

निवडताना काय पाहावे?

• सोन्याचा मुलामा : चांगल्या जॅकच्या माहितीपत्रकात ‘५० मायक्रोइंच’ असा आकडा असतो. म्हणजे सुमारे १.२७ मायक्रोमीटर. स्वस्त मालात तो ६ किंवा ३ मायक्रोइंचांपर्यंत खाली येतो. समुद्राजवळ ५० चाच आग्रह धरावा. नुसते ‘गोल्ड प्लेटेड’ लिहिलेले पुरेसे नाही.

• कॅटेगरी : कॅट-५ई जॅक १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट-६ हा २५० पर्यंत आणि कॅट-६ए हा ५०० पर्यंत चालतो. घरात १ गिगाबिट वेगासाठी कॅट-५ई पुरतो, नवीन वायरिंगला कॅट-६ घेणे सोयीचे. १० गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत हवा असेल तर कॅट-६ए लागतो. केबल, जॅक आणि पॅच कॉर्ड यांत जे सर्वांत कमी दर्जाचे, तोच पूर्ण जोडणीचा दर्जा.

• शिल्डिंग : मोठ्या मोटारी आणि व्हीएफडी ड्राइव्ह असलेल्या कारखान्यात धातूचे आवरण असलेला शिल्डेड जॅक उपयोगी पडतो. मात्र केबलही शिल्डेड हवी आणि रॅकला नीट अर्थिंग हवे. घरात साधा जॅक पुरेसा असतो.

• झाकण : घरातील फेसप्लेटला स्प्रिंगचे शटर असावे. बाहेरच्या कॅमेऱ्यासाठी आयपी-६७ दर्जाचे धूळ-पाणीरोधक कव्हर घ्यावे. जास्त कंपन असलेल्या यंत्रांवर आरजे-४५ ऐवजी स्क्रूने आवळला जाणारा एम-१२ कनेक्टर वापरतात.

• पीओई : कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज जात असेल तर पिनांवर जास्त भार येतो. जुन्या मानकात स्विचच्या पोर्टमधून १५.४ वॅट मिळतात, नव्यात ९० वॅटपर्यंत. वीज चालू असताना प्लग ओढला की बारीक ठिणगी पडून पिन खराब होते. म्हणून आधी स्विचवरून पुरवठा बंद करावा.

उपकरणाच्या बोर्डावरचा जॅक बदलताना

दिसायला सारखे असलेले सगळे जॅक एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काहींच्या आतच विलगीकरणाचे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ज्यांना ‘मॅग्नेटिक्स’ म्हणतात. काहींत ते नसतात, मग ते बोर्डावर वेगळे बसवलेले असतात. प्लगची क्लिप वर येते की खाली, एलईडी आहेत का आणि बोर्डावरील पायांची मांडणी कशी आहे, हे जुन्या जॅकवरील क्रमांकाशी ताडून पाहावे. चुकीचा जॅक सोल्डर केला तर पोर्ट चालतच नाही.

बसवताना होणाऱ्या चुका

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम आणि तांबे एकत्र आले की गंज लवकर चढतो. म्हणून शुद्ध तांब्याचीच केबल घ्यावी. पंचिंग करताना तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवावा, टी-५६८ए किंवा टी-५६८बी.

बिघाड जॅकचा आहे हे कसे ओळखावे?

संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग पाहावा. दोन्ही उपकरणे गिगाबिटची असून वेग १,००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसत असेल, तर एखादी जोडी तुटल्याची शक्यता असते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसचे काम मात्र १, २, ३ आणि ६ या चार पिनांवर भागते. आधी पॅच कॉर्ड बदलून पाहावी, मग दुसऱ्या पोर्टात लावून पाहावे. तरीही फरक पडला नाही तर भिंतीतील जॅक तपासावा.

पिनांवर हिरवट किंवा काळपट थर दिसला तर पॉलिश पेपर मुळीच घासू नये, त्याने उरलेला मुलामाही जातो. पुरवठा बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. थर पुन्हा आला तर जॅक बदलावा, आणि त्या वेळी प्लगही नवा लावावा. गंजलेला जुना प्लग नव्या जॅकच्या पिनाही खराब करतो.