लिपी आणि यंत्र : र. कृ. जोशी यांची दृष्टी

खिळ्यांचे मुद्रण व टंकलेखनयंत्र यांच्या काळात देवनागरीतील जोडाक्षरे ही अडचण मानली गेली आणि यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, असा आग्रह धरला गेला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी हा प्रश्नच उलटा मांडला. जाहिरात क्षेत्रातून मुंबईच्या आयआयटीत अध्यापनास आलेल्या या सुलेखनकाराने अक्षराकडे सुटा खिळा म्हणून नव्हे, तर लेखणीच्या गतीतून घडणारी आकृती म्हणून पाहिले. संगणक ‘क’, हलन्तचिन्ह व ‘ष’ ही चिन्हे स्वतंत्रपणे साठवितो. त्यांपासून ‘क्ष’ घडविण्याचे नियम विंडोज २००० बरोबर आलेल्या त्यांच्या ‘मंगल’ या फॉन्टमध्ये अंतर्भूत होते. लिपिसुधारणेच्या वादात जोडाक्षरांचा जो त्याग अटळ मानला गेला होता, तो वस्तुतः एका विशिष्ट यंत्रापुरताच अटळ होता.