वर डब्याची, खाली निपाणीची

सांडोरच्या सेंट थॉमस चर्चातून रविवारची मिसा सुटली की पुरुषमंडळी लगेच घरी जात नसत. आवारात घोळका जमायचा, शेतीच्या, पावसाच्या, लग्नाच्या गोष्टी निघायच्या. कुणाच्या ओठांत विडी, कुणाच्या बोटांत सिगारेट. पाइप मात्र एकट्या माझ्या आजाचा. तो लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. १९५१ साली वेस्टर्न रेल्वे झाली तरी तो मरेपर्यंत 'बी.बी.सी.आय.'च म्हणत राहिला. तिथल्या एका साहेबाला पाइप ओढताना बघून त्यानंही एक जुना, दुसऱ्याचा वापरलेला पाइप विकत घेतला होता. काडी लावली की गोडसर वास सुटायचा. कुणीतरी विचारायचं, "कॅप्स्टन काय रे?" आजा मान हलवायचा.

खोटं नव्हतं ते. पण अर्धंच खरं होतं.

पाइप भरताना मी त्याच्यासमोर बसायचो. पाइपच्या वाटीत आधी दोन चिमटी निपाणीची तंबाखू, हलक्या हातानं सोडलेली. तिच्यावर डब्यातली एक चिमूट, अंगठ्यानं जराशी दाबून. खाली दाबलं तर ओढ लागत नाही, वर सैल ठेवलं तर विस्तव विझतो, एवढं शास्त्र मला आठव्या वर्षीच ठाऊक झालं होतं. एकदा मी विचारलं, "आजा, चांगली तंबाखू खाली का नाय घालत? शेवटी गोड लागंल." तो हसला. "अरे, माणसं पयल्या पाच मिन्टातच असतात. मग मी एकटाच घरी येतो."

आजी भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबईला जायची. तिचं म्हणणं वेगळं होतं. "माझी वांगी विकून हा गावाला वास देतो."

पाइप साहेबाचा असला तरी ही रीत साहेबाची नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे हुक्क्यासाठी गुडाखू करत. तंबाखूची पात कुटून त्यात गूळ किंवा काकवी घालायची. शौकीन लोक पिकलं केळं आणि मसालेही कालवत. केळं म्हटल्यावर आम्हां वसईकरांचे कान टवकारणारच! नुसती पात घशाला चरचरते, गुळानं धूर मऊ होतो. ज्याला हे परवडत नसे तो चिलमीत खडा टाकून त्यावर कोरडी कडक तंबाखू भरी, बुडाला ओलं फडकं धरी आणि ओढी. आणि ज्याला दोन्ही हवं, म्हणजे गोडीही हवी आणि झटकाही हवा, तो दोन्ही एकत्र करी. उत्तरेकडे अशा दोन चवींच्या तंबाखूला 'दोरसा' असं नावच आहे. विडीवाल्यांचंही तेच. निपाणीची तंबाखू आणि गुजरातेतल्या चरोतरची तंबाखू एकमेकींत मिसळूनच विडीचा मसाला होतो. फरक एवढाच की ते मिसळतात आणि आजा थर लावायचा.

तंबाखू मुळात अमेरिकेची. ती आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. त्यांनी १५३४ ते १७३९ वसईवर राज्य केलं. आमच्या गावाला धर्म त्यांच्याकडून मिळाला, आडनावं त्यांच्याकडून मिळाली, तसंच हेही म्हणायचं. ब्राझीलमधल्या बाहियाची तंबाखू काकवी लावून, दोरखंडासारखी वळून जहाजांतून गोव्याला उतरे. म्हणजे कडकाला गोडाची जोड तिकडेही होतीच. १६०४ च्या सुमारास अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला गेला. तिथं त्यानं तंबाखू पाहिली आणि नजराणा म्हणून बादशहाकडे नेली, सोबत नक्षीदार नळीही. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. हकीम आडवा आला : अनोळखी वस्तू, आपल्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही, ओढू नये. पुढे १६१७ मध्ये जहांगीरानं बंदी घातली. तिचं काय झालं ते आपण सगळे पाहतोच आहोत. मला त्या हकिमाचं कौतुक वाटतं. कारण चुकीचं दिलं असेल त्यानं, पण सल्ला बरोबर होता.

थर लावायच्या युक्तीत एक खोट आहे. धूर वरून खाली उतरतो. वरची तंबाखू जळते तेव्हा तिचा ओलावा आणि काळा चीक खालच्या थरात मुरत जातो. निपाणीला विस्तव लागेपर्यंत ती आधीच भिजून, शेकून बसलेली असते, मूळची कडक ती दुप्पट कडक होते. तळाशी तर ओला लगदाच उरतो. तो पेटत नाही, पाइप ठोकून टाकून द्यायचा असतो.

आजा टाकून देत नव्हता. वर्तमानपत्राच्या कागदावर पसरून तो लगदा उन्हात वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी निपाणीच्याही खाली भरायचा. खरे थर तीन होते. लोकांना दिसायचा एक.

रिटायर झाल्यावर डबा परवडेना. तरी रविवारी चर्चला जाताना कॅप्स्टनचा डबा खिशात असायचाच. आत निपाणी. घोळक्यात तो पाइप नुसता तोंडात धरायचा, पेटवायचा घरी येऊन. खोकला तोपर्यंत घरातल्या माणसासारखा झाला होता. रात्री आजी उठून पाठ चोळायची, काही बोलायची नाही. डॉक्टरनं सोडायला सांगितली तेव्हा आजानं विडी सोडल्याचं सांगितलं, जी तो कधी ओढतच नव्हता.

तो गेल्यावर आजीनं डबा उघडला. वर निपाणी होती. तळाशी, सिगारेटच्या चांदीच्या कागदात गुंडाळलेली, एक चिमूट डब्याची, वाळून भुगा झालेली. कुणासाठी ठेवली होती, कोण जाणे. त्यानं ती खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आजीनं डबा राखेनं घासला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि पुढे कितीतरी वर्षं त्यात भेंडीचं बी भरलं. पेरणीला बी काढलं की हाताला वास यायचा.