हॉटेलिंग आणि फूड ऑर्डरसाठी कॅशबॅक क्रेडिट कार्ड कसं निवडायचं?

वीकेंडला मित्रांसोबत बाहेर जेवण, रात्री उशिरा ॲपवरून बिर्याणी, ऑफिसखालच्या कॅफेत कॉफी. महिन्याच्या शेवटी हिशोब केला तर खाण्यापिण्यावरच तीन-चार हजार सहज गेलेले असतात. मग "डायनिंगवर १०% कॅशबॅक" अशी जाहिरात दिसली की बोट लगेच "अप्लाय नाऊ"कडे जातं. पण थांबा. जाहिरातीतल्या टक्क्यांपेक्षा वर्षाअखेरीस हातात किती रुपये उरतात, ते महत्त्वाचं.

'डायनिंग' म्हणजे नेमकं काय?

तुम्ही कुठे जेवलात हे बँकेला बिलावरून नाही, तर एमसीसी या चार आकडी कोडवरून कळतं. कार्ड मशीन किंवा पेमेंट गेटवे घेताना प्रत्येक दुकानाला व्यवसायानुसार हा कोड मिळतो. रेस्टॉरंटसाठी ५८१२, बारसाठी ५८१३, फास्ट फूडसाठी ५८१४ आणि केटररसाठी ५८११.

आपण मराठीत जेवणाच्या प्रत्येक जागेला 'हॉटेल' म्हणतो, बँक तसं म्हणत नाही. राहण्याच्या हॉटेलचा कोड ७०११ आहे. त्यामुळे मोठ्या हॉटेलमधल्या रेस्टॉरंटचं बिल कधी कधी 'लॉजिंग'मध्ये जातं आणि डायनिंगचा कॅशबॅक मिळत नाही. तसंच टेबलावर बसून बिल एखाद्या ॲपमधून भरलं, तर तो खर्च रेस्टॉरंटऐवजी ॲपच्या नावावर नोंदला जाऊ शकतो.

कार्डांचे तीन प्रकार

१. एका ॲपशी जोडलेलं कार्ड: उदा. स्विगी एचडीएफसी बँक कार्ड. त्या ॲपवर जास्त कॅशबॅक, बाकी ठिकाणी कमी.
२. ऑनलाइन खर्चाचं कार्ड: उदा. कॅशबॅक एसबीआय कार्ड. ऑनलाइन ऑर्डरवर जास्त, दुकानात स्वाइप केल्यावर कमी.
३. डायनिंग कॅटेगरीचं कार्ड: उदा. एचएसबीसी लाइव्ह प्लस. यात रेस्टॉरंट आणि फूड डिलिव्हरी दोन्ही धरलं जातं.

दर आणि अटी बँका मधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवरच्या अटी वाचा.

आता गणित करू

समजा, तुमचा महिन्याचा खर्च ४,००० रुपये आहे: २,५०० एका ॲपवर आणि १,५०० प्रत्यक्ष रेस्टॉरंटमध्ये. खालचे दर फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. वार्षिक फीवर १८% जीएसटी लागतो, हे विसरू नका.

• पहिला प्रकार (ॲपवर १०%, इतरत्र १%, फी ५००): वर्षाला कॅशबॅक ३,१८०. जीएसटीसह फी ५९०. उरले २,५९०.
• दुसरा प्रकार (ऑनलाइन ५%, ऑफलाइन १%, फी ९९९): कॅशबॅक १,६८०. फी साधारण १,१७९. उरले फक्त ५०१.
• तिसरा प्रकार (सगळ्या डायनिंगवर १०%, फी ९९९): कॅशबॅक ४,८००. फी १,१७९. उरले ३,६२१.

पण खर्च महिन्याला हजारच असेल, तर तिसऱ्या कार्डाचे वर्षाला १,२०० मिळतील आणि १,१७९ फीत जातील. अशा वेळी कमी दराचं पण आजीवन मोफत कार्ड बरं.

अटींमध्ये हे चार मुद्दे शोधा

• कमाल मर्यादा: "१०%, पण महिन्याला ५०० पर्यंत" म्हणजे ५,००० च्या खर्चानंतर जादा कॅशबॅक बंद.
• फी माफी: वर्षाला किती खर्च केला की फी माफ होते? तेवढ्यासाठी उगाच खर्च वाढवू नका.
• कॅशबॅकचं रूप: बिलातून थेट वजा होतो, की पॉइंट्स किंवा व्हाउचर मिळतात?
• वगळलेले व्यवहार: वॉलेटमध्ये पैसे भरणं, ईएमआय वगैरेंवर बहुतेक कार्डं काही देत नाहीत.

मेस आणि टपरीचं काय?

तिथे स्वाइप मशीन क्वचितच असतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण ते व्यापारी क्यूआरवरच चालतं. मेसवाल्या काकूंचा क्यूआर वैयक्तिक खात्याचा असेल तर पेमेंट होणार नाही. शिवाय यूपीआयवरच्या खर्चाला कॅशबॅक आहे की नाही, तेही तपासा.

सगळ्यात मोठा धोका

बिल पूर्ण न भरता 'मिनिमम ड्यू' भरलं, की व्याज सुरू. दर महिना ३.५% धरला तर १०,००० थकबाकीवर एका महिन्यात ३५० व्याज आणि त्यावर ६३ जीएसटी, म्हणजे ४१३ रुपये. वरच्या हिशोबात सगळ्यात चांगलं कार्डही महिन्याला ४००च देत होतं! वर नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही जातो. म्हणून पूर्ण रकमेचं ऑटो-पे लावून ठेवा. दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमणार नसेल, तर कार्ड घेऊच नका.

कार्ड घेतल्यावर नको वाटलं तर?

सगळी बाकी भरून बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

थोडक्यात, आधी यूपीआय आणि फूड ॲपची मागच्या तीन महिन्यांची हिस्ट्री उघडा. कुठे किती खर्च झाला ते लिहा आणि त्यावर कार्डाचा दर, मर्यादा व फी लावून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण तुमच्यासाठी कुठलं कार्ड बरं ते त्यातूनच कळेल.